कधी दुखतं?

मेडिकलच्या दुकानात संध्याकाळची गर्दी होती. साठीच्या एक बाई प्लास्टिकच्या फाईलमधली चिठ्ठी पुढे करून उभ्या होत्या. दुकानदारानं एकेक वस्तू काउंटरवर ठेवली: सिंडोपाच्या स्ट्रिपा, रक्तदाबाची गोळी, पोट साफ होण्याची पावडर. पैसे मोजता मोजता बाई म्हणाल्या, "आणि चोळायला एखादी ट्यूब द्या. जरा जोरदार द्या. ह्यांचा पाय पहाटे वळतो. अंगठा वर ताठ, बाकीची बोटं आत. चारला उठून मी दाबत बसते. सातला चहा पोटात गेला की आपोआप सुटतं, पण तोवर जीव जातो त्यांचा." दुकानदारानं ट्यूब दिली, सोबत वेदनाशामक गोळ्यांची एक स्ट्रिप दिली. डॉक्टरांच्या कानावर घातलंत का, असं त्यानं विचारलंही. त्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर कंपाचे आहेत हो. पायाचं त्यांना काय सांगायचं?"

ते वाक्य अजून सलतं आहे.

कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पिशवीत होतं, ट्यूबच्या शेजारी. सिंडोपा ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराची गोळी. तिच्यातल्या लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं, आणि हालचाल सुरळीत चालायला ते लागतं. रात्रीची गोळी साधारण नऊच्या सुमारास घेतली जाते. ते मेंदूबाहेर वाया जाऊ न देणाऱ्या कार्बिडोपाची जोड असली तरी लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही. दीड तासाच्या आसपास त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. आजार नवा असतो तेव्हा मेंदूतल्या उरलेल्या पेशी ते साठवून पुरवून पुरवून वापरतात, म्हणून काही जाणवत नाही. वर्षं उलटतात, पेशी कमी होतात आणि साठवण्याची जागाच उरत नाही. मग पहाटे चारला मेंदूत डोपामिन अगदी कमी उरतं. पोटरीचे आणि तळपायाचे स्नायू एकाच वेळी आवळतात, पाऊल आत वळतं, बोटं मुडपतात. याला पहाटेचा डिस्टोनिया म्हणतात. सकाळची गोळी साडेसहाला चहाच्या आधी जाते, अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि पाय सुटतो. श्रेय चहाला मिळतं. बाईंनी डॉक्टरांना नुसती ही वेळ सांगितली असती, चार ते सात, तरी बरंच काही करता आलं असतं. झोपताना हळूहळू विरघळणारी सीआर गोळी देता येते. सकाळची पहिली साधी गोळी उशाशी ठेवून जाग येताच, अंथरुणातच घ्यायला सांगता येते. तेवढ्यानं भागलं नाही, तर पोटरीच्या आणि बोटांच्या नेमक्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनचं, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देता येतं. त्याचा गुण साधारण तीन महिने राहतो. ट्यूबनं मात्र त्वचा गरम होते, एवढंच.

कंपवात म्हटलं की डोळ्यांपुढे हात येतो. थरथरणारी बशी, सांडलेला चहा, बारीक होत गेलेलं अक्षर. वेदना येत नाही. वेगवेगळ्या पाहण्या एकत्र पाहिल्या तर या आजाराच्या १०० माणसांपैकी ४० पासून ८५ पर्यंत लोकांना कसली ना कसली वेदना असते. इतका मोठा फरक का, तर कुणी 'गेल्या महिन्यात' विचारलं, कुणी 'कधीतरी' विचारलं, आणि कुणी सांधेदुखी त्यात धरलीच नाही. पण खालचा आकडा धरला तरी शंभरात चाळीस. त्यातल्या पुष्कळांना दुखण्यावर काहीच उपचार मिळत नाही, कारण ते 'वयाचं' म्हणून बाजूला काढलेलं असतं. सत्तरीत गुडघे दुखणारच, कंबर धरणारच. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं सहज पटतं.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये ६६ पानांचा निबंध छापला. त्यात त्यांनी वर्णन केलेले रुग्ण फक्त सहा. त्यातले तिघे त्यांना रस्त्यात भेटलेले किंवा लांबून दिसलेले होते. पुढे झुकलेली चाल, धावत सुटल्यासारखी लहान पावलं, थरथरते हात, हे सगळं रस्त्याच्या पलीकडूनही दिसतं. दुखणं दिसत नाही. सांधेदुखीसारख्या वेदनेचा उल्लेख त्यांच्या लिखाणातही येतो, पण आजाराचं जे चित्र पुढे रूढ झालं ते दिसणाऱ्या लक्षणांचंच. पॅरिसमध्ये मेंदू-मज्जातंतूंचे डॉक्टर शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं. त्यांचे रुग्ण सांगत की आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर अंग मोकळं होतं, दुखणं थांबतं, रात्री झोप लागते. शार्को यांनी ते मनावर घेतलं आणि हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली. २०१२ साली पुन्हा पारखून पाहिलं तेव्हा हादरे नसलेल्या साध्या आरामखुर्चीहून ती सरस ठरली नाही. तरी त्या खुर्चीबद्दल मला आदर आहे. रुग्णानं अंग दुखतं म्हटलं आणि डॉक्टरनं तेवढ्यावर काहीतरी करून पाहिलं, याची ती खूण आहे.

वेदना नजरेतून सुटण्याचं दुसरं कारण रुग्णाच्या चेहऱ्यावरच असतं. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. पापण्या कमी लवतात, भुवया हलत नाहीत, ओठांचे कोपरे जागचे ढळत नाहीत. आपल्याला कुणाचं दुखणं कळतं ते कपाळावरच्या आठीवरून, दातांवर आवळलेल्या दातांवरून. इथे ती आठीच पडत नाही. आवाजही खाली गेलेला असतो. "दुखतंय गं" हे शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतच नाहीत. सून समोरून विचारते, "बाबा, काय होतंय?" आणि सपाट चेहऱ्यानं, सपाट आवाजात उत्तर येतं, "काही नाही." आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तसंही दुखणं बोलून दाखवायची सवय नसते. घरातले समजतात, ठीक आहे. उलट कधी अंगावर बोट लावताच माणूस ओरडतो, तेव्हा नाटक वाटतं. दोन्ही वेळा चेहऱ्यावर ठेवलेला भरवसा चुकीचा असतो. या आजारात वेदना चेहऱ्यावर वाचायची नाही, शब्दांत विचारायची, आणि उत्तरासाठी थांबायचं. मंदावलेल्या माणसाला उत्तर द्यायला पाच-दहा सेकंद लागतात. तेवढ्यात आपण पुढचा प्रश्न विचारून मोकळे झालेलो असतो.

खांद्याची कहाणी तर आजाराच्याही आधी सुरू होते. पन्नाशी-पंचावन्नचा माणूस, एक खांदा धरलेला. हात वर जात नाही, पाठीमागे तर मुळीच नाही. शर्ट घालताना आधी तो हात बाहीत सरकवावा लागतो. फ्रोझन शोल्डर म्हणून शेक होतो, फिजिओथेरपी होते, सांध्यात इंजेक्शनही होतं. महिनोन्महिने जातात. मग वर्षा-दोन वर्षांनी त्याच बाजूचा हात थरथरू लागतो किंवा त्याच बाजूचा पाय घासू लागतो. धरलेला प्रत्येक खांदा कंपवाताचा नसतो हे उघड आहे. मधुमेहात तो कितीतरी अधिक वेळा धरतो. पण खांदा दुखणारा माणूस चालताना त्या बाजूचा हात झुलवत नसेल, सही लहान होत चालली असेल, फोडणीचा वास येईनासा झाला असेल, तर खांद्यापुरतं बघून भागत नाही. मनगट हातात घेऊन सावकाश फिरवलं की ताठरपणा बोटांना कळतो; दातेरी चाक फिरवावं तसे थांबत थांबत झटके लागतात. डॉक्टरला याला मिनिट पुरतं.

ताठरपणाचं दुखणं हे या आजारातलं सर्वांत नेहमीचं. मान, खांदे, कंबर, मांड्या. स्नायू दिवसभर आवळलेले राहतात, सांधे पुरते फिरत नाहीत, पाठ पुढे वाकत जाते आणि कमरेवर भलताच ताण येतो. काहींची पाठ एका कुशीकडे झुकते. मणक्यांमधून निघणारी नस दबली तर कमरेतून पायात वीज गेल्यासारखी कळ येते, ती निराळी. डिस्टोनियाचे वांब निराळे. आणि एक वेदना अशी असते की तिच्या जागेवर बोट ठेवता येत नाही: अंगाच्या एका बाजूची आग, तोंडात जिभेची जळजळ, ओटीपोटात, कधी गुप्तांगापाशी सतत टोचणी. तपासण्या होतात, काही सापडत नाही. ही वेदना मेंदूतच उपजते. डोपामिनचा संबंध केवळ हालचालीशी नाही. शरीराकडून येणारी दुःखाची सूचना किती मोठी करायची, किती दाबायची, तिच्याकडे किती लक्ष द्यायचं, हे ठरवणाऱ्या यंत्रणेतही त्याचा हात असतो. म्हणून गोळीचा अंमल उतरलेल्या अवस्थेत या रुग्णांची वेदना सोसण्याची मर्यादाच खाली येते. तोच गुडघा, तेवढीच झीज, पण सकाळी अकराला सुसह्य आणि दुपारी दोनला असह्य. घरच्यांना हे लहरीपण वाटतं. "मघाशी तर बरे होते!" मघाशी ते बरेच होते. मघाशी गोळीचा अंमल होता.

या घरांचा दिवस गोळीच्या वेळांवर चालतो. पाण्याची तंगी असलेल्या गावात नळ कधी येतो त्यावर घर चालतं, तसा. आंघोळ, दाढी, बँक, पाहुणे, सगळं त्या मधल्या तास-दोन तासांत उरकायचं.

म्हणून 'कुठे दुखतं' याच्या जोडीला 'कधी दुखतं' हे विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर स्मरणावर सोडून चालत नाही. साधी दोनशे पानी वही घ्यावी. पानाच्या डाव्या कडेला पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे तास उतरवावेत, शेजारी चार रकाने पाडावेत: गोळी, खाणं, हालचाल, दुखणं. गोळी ज्या मिनिटाला घेतली ते मिनिट लिहावं, ठरलेली वेळ नव्हे. हालचालीच्या रकान्यात मोकळं, जड, किंवा नको तितकी वळवळ, असा एकेक शब्द. दुखण्याच्या रकान्यात जागा आणि शून्य ते दहातला आकडा. सलग तीन दिवस पुरेत. त्याहून जास्त लिहिण्याचा घरात कुणालाच दम नसतो आणि डॉक्टरलाही वाचायला वेळ नसतो. तीन पानं शेजारी ठेवली की कधी कधी डोळ्यांत भरतं: कमरेचं सात-आठ हे प्रत्येक गोळीच्या आधीच्या तासात आहे आणि नंतरच्या तासात ते तीनवर येतं आहे. असं असेल तर वेदनाशामकाची भर घालण्यापेक्षा गोळ्यांमधलं अंतर कमी करणं, मात्रा तीच ठेवून ती चारऐवजी पाच वेळांत वाटणं, किंवा लेव्होडोपाचा अंमल लांबवणारं दुसरं औषध जोडणं, याचा विचार डॉक्टर करतात. आणि दुखण्याचा घड्याळाशी काही संबंध दिसला नाही, तर गुडघा हा गुडघाच आहे, नस ही नसच आहे. तिथे क्ष-किरण, एमआरआय, हाडांच्या डॉक्टरांची पायरी. कळवळून सांगावंसं वाटतं की ही वही फुकट आहे आणि ती तपासणीच्या दिवशी घरी विसरू नये.

किंग्ज नावाची वेदनेची एक प्रश्नावली २०१५ साली खास या आजारासाठी तयार झाली. तिच्यात १४ प्रश्न आहेत. प्रत्येक प्रश्नाला तीव्रतेचे शून्य ते तीन आणि वारंवारतेचे शून्य ते चार, दोहोंचा गुणाकार. रात्री कूस बदलताना दुखतं का, तोंडात जळजळते का, गोळी उतरली की कळा येतात का, असं ती नेमकं विचारते. गर्दीच्या ओपीडीत हे सगळं विचारायला कुणाला सवड नसते हे मान्य. पण त्यातले दोन-तीन प्रश्न घरच्यांनी आपले आपण विचारले तरी तपासणीच्या खोलीतलं संभाषण बदलतं.

गोळी वेळेवर घेऊनही ती लागू पडत नाही, याची कारणं बहुतेकदा स्वयंपाकघरात सापडतात. लेव्होडोपा लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं आणि तिथे ज्या वाटेनं ते आत शिरतं, त्याच वाटेनं प्रथिनांतली काही अमिनो आम्लंही शिरतात. वाट अरुंद. मेंदूच्या उंबरठ्यावर पुन्हा तीच चढाओढ. म्हणून दुपारी वरण, उसळ, दही असं जेवण झालं आणि पाठोपाठ गोळी घेतली, की दोनची गोळी चारला लागते किंवा लागतच नाही. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. पुष्कळ घरांत ती अर्ध्या कप दुधाच्या चहाबरोबर जाते. ज्यांच्या गोळीचा अंमल डळमळीत झाला आहे त्यांनी तीही सवय मोडून पाहावी. यातून काही जण डाळ-दूध बंदच करून टाकतात आणि वजन उतरतं, मांड्या गळतात, पडणं वाढतं. प्रथिनं कमी करायची नसतात. त्यांतला मोठा वाटा रात्रीच्या जेवणात सरकवायचा असतो, आणि तोही अंमल डळमळीत झाल्यावर, आहारतज्ज्ञाला विचारून. लोहाची गोळीही लेव्होडोपाशी नीट जमवून घेत नाही. दोघींत दोन तासांचं अंतर असलेलं बरं. आणि बद्धकोष्ठ. जठर आणि आतडी मंदावली की गोळी पोटातच पडून राहते. पोट साफ नाही, म्हणून गोळी लागत नाही, म्हणून अंग दुखतं, अशी ही साखळी आहे, आणि ती तोडायला इसबगोल, पाणी आणि रोजचं चालणं कंबरेच्या मलमाहून जास्त कामाला येतं.

मळमळीतून सुरू होणारी साखळी आणखी वाईट. लेव्होडोपाच्या गोळीतलं कार्बिडोपा हे लेव्होडोपाला मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही आणि मळमळ टाळतं. त्याला दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम तरी पोटात जावं लागतं. ११० ची गोळी म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि केवळ १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. तिच्या तीन गोळ्यांत कार्बिडोपा ३० च. माणसाला उमासे येतात. तो गोळी भरल्या पोटी घेऊ लागतो, मग ती उशिरा लागते, किंवा स्वतःच्या मनानं अर्धी करतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड मिळतं, चक्कर येते म्हणून प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन मिळतं. ही औषधं डोपामिनचीच वाट अडवतात. आठवड्याभरात ताठरपणा वाढतो, कंबर धरते, आजार 'एकदम बळावला' असं सगळे म्हणतात. २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा असलेली गोळी लिहून घेणं, गरज पडली तर हृदयाचा आलेख बघून डोम्पेरिडोन, एवढ्यावर हा प्रकार मिटू शकला असता. वेदनाशामकांतही खड्डे आहेत. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही या आजाराचीच औषधं चालू असताना ट्रॅमाडॉल आणि पेथिडिन देऊ नयेत. जिवावर बेतू शकतं. प्रेगाबालिन-गॅबापेंटिननं नसांची आग कमी होते, पण झापड येते आणि तोल जातो, आणि ज्याचा तोल आधीच गेलेला आहे त्याच्यासाठी तो मोठा प्रश्न. अफूवर्गातली औषधं कोठा बांधतात. साधं पॅरासिटामॉल, योग्य मात्रेत, हे अजूनही पहिलं पाऊल आहे. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखर असतं. म्हणूनच तिचं चूर्ण 'नैसर्गिक आहे' म्हणून गोळ्यांच्या जोडीनं गुपचूप घेऊ नये. मात्रा नकळत वाढते आणि डॉक्टर आपल्या चिठ्ठीत कारण शोधत बसतात.

मान आणि दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यात, शर्ट टांगण्याच्या हँगरच्या आकारात, उभं राहिलं की दुखायला लागणं आणि आडवं झालं की थांबणं, हे ऐकलं तर मानेचा पट्टा आणू नये. रक्तदाब मोजावा: पाच मिनिटं आडवं राहून एकदा, उभं राहून तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं घसरला, तर दुखतं आहे ते रक्त कमी पोहोचल्यामुळे. पाणी, मीठ, रक्तदाबाच्या जुन्या गोळीचा फेरविचार. तळपायांना मुंग्या आणि आग असेल तर बी-१२ तपासावं. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं आणि लेव्होडोपा बरीच वर्षं घेणाऱ्यांत आणखी घसरू शकतं. रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघावं.

रात्रीचं अंथरूण हा वेगळाच विषय आहे. निरोगी माणूस झोपेत कितीदा कूस बदलतो हे त्याला ठाऊक नसतं. इथे माणूस ज्या कुशीवर टेकतो त्याच कुशीवर दोन वाजता जागा होतो. खालचा खांदा ठणकत असतो, कंबरेचं हाड गादीत रुतलेलं, आणि अंगावर जड गोधडी. सुती चादर आणि सुती पायजमा एकमेकांना धरून ठेवतात. चादरीवर पाठीपासून मांडीपर्यंतच्या भागात सॅटिनचा किंवा जुन्या रेशमी साडीचा आडवा पट्टा घट्ट खोचला, आणि पांघरूण हलकं केलं, तर अर्धं काम होतं. पट्टा पावलांपर्यंत न्यायचा नाही, टाचांना रेटा द्यायला सुती चादर हवी. कूस बदलताना आधी दोन्ही गुडघे उभे करायचे, मान वळवायच्या बाजूला फिरवायची, पलीकडचा हात छातीवरून त्या बाजूला न्यायचा आणि मग गुडघे सोडून द्यायचे. खांदा मागोमाग येतो. उठायचं असेल तर पाय आधी काठाबाहेर, मग कोपरावर जोर. गादी फार मऊ नको. खांदे-कमरेचे व्यायाम गोळी लागू पडल्यावर, घेतल्यापासून पाऊण ते एक तासानं करायचे: दोन्ही हातांत लाटणं आडवं धरून वर नेणं, भिंतीवर बोटांनी चढत जाऊन कालच्या खुणेपर्यंत पोहोचणं, दाराच्या चौकटीत उभं राहून छाती पुढे. गोळी उतरलेल्या वेळी केलेला व्यायाम स्नायू दुखावतो आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. शेकाची पिशवी टॉवेलात गुंडाळून, पंधरा मिनिटं. मंदावलेला हात ती वेळेवर बाजूला करू शकत नाही आणि त्वचा भाजते.

आयुष्याची प्रत मोजायला ऑक्सफर्डमध्ये बनवलेली ३९ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. आठ विभाग आहेत. शरीराच्या त्रासाचे प्रश्न तीनच: वांब, सांध्यांचं-अंगाचं दुखणं, आणि नको तेवढं गरम किंवा गार वाटणं. बाकीचे चालण्याचे, कपडे घालण्याचे, मनाचे, चारचौघांत वाटणाऱ्या संकोचाचे. पण दुखणं त्या तीन प्रश्नांत मावत नाही. ते बाकीच्या छत्तीसांत पाझरत जातं. खांदा दुखतो म्हणून ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत, मग गाऊनवर बाहेर कशी जाणार, म्हणून हळदीकुंकू सुटतं. मांडी घालून बसता येत नाही, म्हणून आरतीला माणूस मागे खुर्चीत, आणि एकदा मागे बसला की पुढच्या वर्षी घरीच. हार्मोनियमचा भाता ओढताना मनगट आवळतं, म्हणून पेटीवर कापड पडतं. झोप तुटते, दिवसा चिडचिड होते, जोडीदाराशी शब्दाला शब्द लागतो. उदासी आली की वेदना वाढते आणि वेदनेनं उदासी. या आजारात उदासी हा नुसता मनाचा खेळ नाही, ती मेंदूतल्या त्याच बदलांतून येते आणि तिच्यावर औषध आहे. पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे की माणसाचं जगणं कंपापेक्षा या न दिसणाऱ्या गोष्टी जास्त कुरतडतात.

पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतं. मुंबईतली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही असे गट चालवते. पुण्यात हृषीकेश पवार यांच्या नृत्यवर्गात कंपवाताची माणसं नाचतात. अशा ठिकाणी औषधाच्या पलीकडचं एक काम होतं: कुणीतरी म्हणतं, "माझाही पाय पहाटे असाच वळायचा," आणि समोरच्याला पहिल्यांदा कळतं की हे आजाराचंच आहे आणि ते डॉक्टरांना सांगायचं असतं.

शेवटच्या टप्प्यात शब्दही जातात. गिळणं जड होतं, बोलणं पुटपुटण्यावर येतं, चेहरा तर आधीच गेलेला. तेव्हा दुखणं इतर खुणांवरून ओळखावं लागतं: कूस बदलताना श्वास वाढतो का, ठरावीक हात उचलताना अंग आखडतं का, एरवी शांत असलेला माणूस कपडे बदलताना हात झटकतो का, घास नाकारतो का. अशा माणसाला काही कारणानं रुग्णालयात ठेवावं लागलं, तर पहिल्या तासात नर्सच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर लेव्होडोपाच्या वेळा मिनिटांसकट, मात्रा, आणि कोणती औषधं चालत नाहीत त्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावीत. वॉर्डात गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा वाटल्या जातात. यांना त्या सात, दहा, एक, चार, सात अशा लागतात. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल तर घोटभर पाण्याबरोबर गोळी द्यायची का, हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी विचारावं. गिळता येत नसेल तर साधी गोळी पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून देता येते. सीआर गोळी कुटून देऊ नये, एकदमच सगळी मात्रा सुटते. दोन वेळा चुकल्या तरी अंग लाकडासारखं होतं आणि ते किती दुखतं हे तो माणूस सांगू शकत नाही. म्हणून तो कागद फाईलमध्ये सर्वांत वर, रक्तगटाच्याही आधी लावून ठेवावा आणि वेळा बदलल्या की त्याच दिवशी नवा लिहावा.